बारा ते पाच

माझी बायको मला ‘घड्याळांचा कल्हईवाला’ म्हणायची, तेही पाहुण्यांसमोर. मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, पगारी माणूस होतो, पण कुणी विचारलं की माझ्या आधी ही सांगून मोकळी व्हायची, “कालिजात हाईत, पर खरं काम कल्हईचं.” मी चिडायचो. कल्हई कथलाची असते, मी चढवायचो ती चांदी. हा फरक तिला शेवटपर्यंत पटला नाही. किंवा पटला असेल, पण मला चिडवायची सोय जाईल म्हणून तिनं कबूल केलं नसेल.

हे काम माझ्याकडे आलं ते महाद्वार रोडच्या एका बोळातल्या घड्याळदुरुस्तीवाल्यामुळं. त्याच्याकडे जुन्या घरांतली लंबकाची घड्याळं यायची. सरदारांची, वकिलांची, एखाद्या पेढीवरची. यंत्र तो दुरुस्त करायचा, पण पितळी तबकड्यांचं काय करावं ते त्याला कळायचं नाही. त्या तबकड्यांवर कधीकाळी चांदीचा पातळ हात दिलेला असायचा. तो उडून खालचं पितळ काळंनिळं पडलेलं असायचं. एकदा तो कॉलेजात मला शोधत आला आणि म्हणाला, “पावणं, तुमच्याकडं तेजाब असतंय न्हवं? मग ह्येचं काय तरी करा की.” मी पुस्तकं चाळली, दोन तबकड्या नासवल्या, तिसरी जमली. तेव्हापासून संध्याकाळी सहानंतर आमच्या परसात तबकड्या धुतल्या जाऊ लागल्या.

काम दिसायला सोपं होतं. गुजरीतून, म्हणजे सराफांच्या पेठेतून, चांदीचे कातरलेले तुकडे आणायचे आणि तेजाबात विरघळवायचे. त्याचा तांबूस धूर निघायचा. त्या धुरानं आमचा परसातला कढीपत्ता दोनदा करपला आणि दोन्ही वेळा मला आमटीत कढीपत्ता मिळाला नाही. “त्या चांदीचीच फोडणी द्या म्हनावं,” असं बायको भिंतीकडं बघून म्हणायची. त्या पाण्यात मीठ घातलं की दुधात लिंबू पिळल्यासारखा पांढरा साका खाली बसतो. तो धुवून तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवायचा, कारण उजेड लागला की तो जांभळा पडतो. मग तबकडी पॉलिश कागदानं गोल गोल, एकाच दिशेनं घासून लख्ख करायची, कोरलेल्या रोमन आकड्यांत काळी लाख वितळवून भरायची आणि तो साका मिठात कालवून ओल्या फडक्यानं चोळायचा. पितळावर हळूहळू पांढरेपणा चढतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जादूच वाटते. शेवटी लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, एक हात. तो दिला नाही तर वर्षभरात सगळं काळं.

चोळायचं काम आमची लेक लहानपणापासून करायची. तिचा हात हलका होता. लॅकर मात्र मी कधी तिला मारू दिलं नाही. ब्रश एकदा फिरला की परत फिरवायचा नसतो, आणि ते धाडस दुसऱ्याच्या हाती द्यायला माझं मन व्हायचं नाही. मी हट्टी माणूस आहे. तसा स्वभाव नसता तर हे काम केलंही नसतं.

लेकीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्याच सुमारास दुरुस्तीवाल्यानं मला एक घड्याळ दिलं, माझ्यासाठी. कुठल्यातरी मोडलेल्या घरातून भंगारात निघालेलं, शिसवी पेटीचं, ताटाएवढ्या तबकडीचं. यंत्र त्यानं चालू करून दिलं. इतकी वर्षं लोकांच्या तबकड्या केल्या, आता आपल्या भिंतीवर एक लागणार म्हणून मी फार खुशीत होतो. त्या तबकडीवर मी जितका जीव ओतला तितका कुणा सरदाराच्या तबकडीवरही ओतला नव्हता. चांदी इतकी एकसारखी बसली की मी ती नुसती बघत बसलो. लॅकर मारायचं ते दुसऱ्या दिवशी, ऊन आल्यावर, म्हणून ती धुवून परसातल्या कट्ट्यावर फडक्यात वाळत ठेवली आणि सकाळी कॉलेजला गेलो.

ते दिवस पितृपंधरवड्याचे होते. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढतात’. म्हणजे घरातली अंथरुणं, वाकळा, डबे, भांडी, सगळं बाहेर काढून धुवायचं. एक वाटीसुद्धा न घासता आत जाता कामा नये. आमची बायको मूळची कागलच्या पलीकडची, अर्ध्या कानडी मुलखातली. आईशी फोनवर कानडीत भांडायची आणि माझ्याशी मराठीत. दसरा काढायच्या बाबतीत दोन्ही भाषांत ती सारखीच कडक. त्या दिवशी परसात पितळेचा ढीग पडला होता. घंगाळ, तांबे, पराती, समया. आणि त्या ढिगाशेजारी फडक्यावर माझी तबकडी.

मी दुपारी लवकर घरी आलो तर ही चिंचेचा कोळ आणि राख घेऊन तबकडी घासत होती. नुसती घासत नव्हती, गुडघ्याखाली दाबून रगडत होती. बारापासून खाली पाचापर्यंतची सगळी चांदी गेलेली आणि पिवळंजर्द पितळ उन्हात चमकत होतं.

“अगं काय केलंस हे!” मी एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

“आवं, वरडतासा कशाला? पांढरी पडल्याली. लई दिसाची घासल्याली नव्हती.”

“चांदी होती ती!”

“चांदी आसती तर अशी गेली आसती व्हय? पितळ हाय की ह्ये. पितळ पिवळंच दिसाय पायजे.”

माझ्या तोंडून जे काही निघालं ते सगळं निघून गेल्यावर मी कट्ट्यावर बसलो. ती राखेचे हात पदराला पुसत उभी राहिली. मग तिनं ती अर्धी पिवळी, अर्धी पांढरी तबकडी उचलून तोंडासमोर धरली आणि एकदम म्हणाली, “बरं, मग आसं करू. बारा ते पाच माझं. सहा ते अकरा तुमचं. माझ्या येळंत मला बोलायचं न्हाई.”

मला हसू फुटलं. राग असताना हसू आलं की माणूस फार हलका होतो. नवरात्र तोंडावर होतं, नवमीला हत्यारांची पूजा असते तेव्हा घड्याळ भिंतीवर चालू पाहिजे असं माझ्या मनात होतं. नव्यानं सगळं करायला वेळ नव्हता. म्हणून मी ती तबकडी तशीच लॅकर मारून बसवली. “पुढच्या दसऱ्याला करतो,” असं म्हणालो. नवमीला तिनं घड्याळाला झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकवाची बोटं काचेवर लावली, तीही नेमकी पिवळ्या बाजूला.

पुढचा दसरा आला, त्याच्या पुढचाही. दरवर्षी मी म्हणायचो, यंदा ही तबकडी करायचीच. ती म्हणायची, करा की. आणि मी करायचो नाही. खरं सांगायचं तर मला ती तशीच आवडायला लागली होती. माझी बाजू गोल, शिस्तीतल्या घासणीची. तिची बाजू आडव्यातिडव्या फटकाऱ्यांची, परातीला घासतात तशी. लॅकरखाली तिच्या हाताचा एकेक फटकारा दिसायचा. आमच्या घरात वेळ अशी वाटून घेतलेली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा वाजले की मी म्हणायचो, “घ्या, तुमचं राज्य सुरू.” ती जेवून अंग टाकायची. संध्याकाळी काटा सहावर आला की तिचा आवाज यायचा, “कल्हईवालं, उठा. तुमची पाळी.”

त्या घड्याळाची एक खोड होती. ते अर्ध्या तासालाही एक ठोका द्यायचं. त्यामुळं साडेबाराला एक, एकला एक आणि दीडलाही एकच. दुपारच्या झोपेतून अर्धवट जागी होऊन ती विचारायची, “ह्यो कुठला वो?” मी कधी खरं सांगायचो, कधी तिला अजून झोपू द्यावं म्हणून दीडच्याला साडेबाराचा म्हणायचो. ती मान वळवून परत झोपायची.

दोन हजार सालानंतर दुरुस्तीवाल्याकडं काम कमी झालं. लोकांना सेलवरची घड्याळं परवडायला लागली. मग त्याच्या मुलानं दुकानात मोबाईलची रिचार्ज कार्डं टांगली. माझ्याकडं वर्षाकाठी एखाददुसरी तबकडी यायची. आणि मग माझी बायको आजारी पडली. आधी बारीक ताप, मग काविळीसारखं काहीतरी, मग दवाखान्याच्या फेऱ्या. शेवटचे दोन महिने लेक पुण्याहून येऊन राहिली होती. पावसाळा सरता सरता बायको गेली. मागून नवरात्र आलं आणि त्या वर्षी आमच्या घरी कुणी दसरा काढला नाही.

मी निवृत्त झालो तो त्याच्या पुढच्या वर्षी. नोकरी होती तोवर एकटेपण रात्रीपुरतं होतं. आता ते दुपारी आलं. एकटेपणाबद्दल लोक रात्रीचं बोलतात, पण रात्री माणूस निदान झोपायचं नाटक करतो. दुपारी काय करायचं? स्वतःपुरता भात टाकायचा, तो जेवायचा, ताट धुवून उपडं घालायचं. शेजारच्या घरातल्या मालिकेचा आवाज ऐकायचा. मग खाटेवर पडून समोरच्या घड्याळाकडं बघायचं. माझी नजर अधू झाली होती. आकडे दिसायचे नाहीत, काटे पुसट दिसायचे. पण काटा पिवळ्यात आहे का पांढऱ्यात, एवढं खाटेवरून कळायचं. पिवळ्यात असला की मला वाटायचं, अजून तिचीच वेळ चालू आहे. मी तिच्याशी बोलायचोही. म्हातारा माणूस एकटा बोलतो म्हणून कुणी हसलं तर हसो. “घ्या, तुमचं राज्य,” मी म्हणायचो आणि मग पाच वाजेपर्यंत घरात अगदी एकटं वाटायचं नाही. तिच्या साड्या लेकीनं आणि तिच्या मावशीनं वाटून घेतल्या होत्या. फोटो होता, पण तो स्टुडिओतला, तोंड मिटून घेतलेला. तिच्या हातचं म्हणावं असं घरात एवढंच राहिलं होतं. चिंचेचे ते फटकारे.

लेक दरवर्षी दोन दिवसांची रजा काढून दसरा काढायला यायची. मी नको म्हणायचो, ती ऐकायची नाही. हट्ट तिनं माझा घेतलाय. एका वर्षी माझे हात जरा जास्तच थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीत वाजायचा. तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाली, “अप्पा, तुम्ही वाडीला जाऊन या. दत्ताचं दर्शन घ्या, घाटावर बसा निवांत. इथं पाण्यात, धुळीत तुम्ही मधे मधे येता.”

मी काही फार देवभोळा नव्हे. पण बाया घर काढायला लागल्या की पुरुषानं देवाला जाणंच शहाणपणाचं असतं. एसटीनं नृसिंहवाडीला गेलो. दर्शन घेतलं, संगमाचं पाणी बघत बसलो. पाणी गढूळ होतं, चढलेलं होतं. जोडीजोडीनं आलेली माणसं फोटो काढत होती. त्यातल्या एका पोरानं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि माझा हात थरथरतोय म्हणून परत घेतला. मी कवठाची बर्फी घेतली, लेकीला आवडते म्हणून, आणि तिसऱ्या प्रहरी परतलो.

घर धुऊन लख्ख झालं होतं. परसात वाकळा वाळत होत्या. लेक पायरीवर माझी वाट बघत बसली होती, लहानपणी पेपर चांगला गेला की बसायची तशी. म्हणाली, “आधी डोळे मिटा.” मला हात धरून आत नेलं.

टेबलावर पांढऱ्या फडक्यावर तबकडी ठेवली होती. सगळी चांदीची. बारापासून बारापर्यंत.

मला ओरडायचं होतं. ‘अगं काय केलंस हे’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते, अगदी तेच शब्द. पण लेकीचे हात काळे झाले होते, बोटांची सालं निघाली होती आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

“सकाळपासून करतेय,” ती म्हणाली. “थिनरनं लॅकर काढलं, सगळी नव्यानं घासली, तुमच्या बाटलीतली होती नव्हती ती चांदी लावली. सातच्या आकड्यापाशी जरा चट्टा राहिलाय.”

“कशाला केलंस?” मी एवढंच विचारलं.

तिनं तबकडीखालचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, “आईनं सांगितलेलं. दवाखान्यात असताना.”

“काय सांगितलेलं?”

“म्हणाली, तुझ्या अप्पाचं तेवढं एक काम माझ्या हातनं नासलं. सोत्तासाठी केल्यालं एकच घड्याळ. दर दसऱ्याला करतो म्हनत्यात आन् करत न्हाईत. हसत्यात, पर मनात हाय त्यांच्या. म्हनून तर माझी चूक भिताडाला टांगून ठिवलीया. मला रोज दुपारी डोळं उघाडलं की तेच दिसतंय.” लेक आईच्याच बोलीत बोलत होती, तसंच तोंड करून. “म्हणाली, त्येंच्या हातास्नी जमंनासं झालं की तू कर. मी सांगितलं म्हनून सांगू नगंस. तिचं तेवढं मात्र मी ऐकलं नाही.”

मी खुर्चीत बसलो. एवढी वर्षं मला वाटत होतं, आम्ही दोघं मिळून त्या तबकडीला हसतोय. बारा ते पाच माझं, असं ती म्हणाली तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. ती माझा राग घालवत होती. मग ‘घ्या, तुमचं राज्य सुरू’ असं मी वर्षानुवर्षं दर सुट्टीच्या दुपारी तिला ऐकवत राहिलो, लाडानं, आणि ते तिला दर वेळी लागत राहिलं. ती कूस बदलून घड्याळाकडं पाठ करून झोपायची ते ठोक्यामुळं असं मी समजायचो.

“कशी झालीय?” लेकीनं विचारलं.

“झकास झालीय,” मी म्हणालो. “मलाही अशी बसली नसती.” तिचे डोळे भरले. मी बर्फीचा पुडा तिच्या हातात दिला आणि तोंड धुवायच्या निमित्तानं परसात गेलो. नळ सोडून पुष्कळ वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती परत गेली. जाताना म्हणाली, “लॅकर तेवढं तुम्ही मारा. ते मला तुम्ही कधी दिलंच नाही.”

घरात परत मी एकटा. टेबलावर उघडी तबकडी. मोरीत तिनं भांड्यांसाठी भिजवलेली चिंच वाडग्यात तशीच राहिली होती. मी ते वाडगं आणि तबकडी घेऊन परसातल्या कट्ट्यावर बसलो. खोटं कशाला बोलू, मी चिंच हातात घेतली होती. चांदी कच्ची होती, दोन फटकाऱ्यांत पितळ वर आलं असतं. बारा ते पाच परत पिवळं झालं असतं आणि खाटेवरून दिसलं असतं. मला ते हवं होतं, फार हवं होतं. पण ते फटकारे माझे झाले असते. आणि तिनं आयुष्यात माझ्याकडं असं काय मागितलं होतं? एकच गोष्ट, तीही माझ्याकडं नाही, लेकीकडं, चोरून.

मी चिंच कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकली, हात साबणानं धुतले. चांदीला बोट न लावता तबकडी कडेनं उचलून उन्हात ठेवली आणि लॅकरचा ब्रश घेतला. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून एकदाच फिरवला, वरून खाली, न थांबता. ब्रश परत फिरवला नाही. वाळल्यावर काटे बसवले, किल्ली दिली, घड्याळ भिंतीवर चढवलं. लेकीचा तो सातपाशी राहिलेला चट्टा तेवढा लॅकरखाली कायमचा राहिला. तो मी मुद्दामच काढला नव्हता.

बाराचे ठोके पडले तेव्हा मी ‘घ्या, तुमचं राज्य’ म्हणालो नाही. भात जेवलो, ताट उपडं घातलं आणि खाटेवर पडलो. डोळा लागला होता की नुसता मिटला होता, सांगता येत नाही. एक ठोका पडला. मी समोर बघितलं, तर इथून तिथून सगळं पांढरं, काटा कुठे आहे तेच कळेना.

“ह्यो कुठला गं?” मी विचारलं.

मग उठून, चष्मा लावून, घड्याळापाशी जाऊन बघितलं. साडेबाराच झाले होते.